करणी कुणी केली?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या धाकट्या मुलीला जादूटोण्याच्या इंग्रजी कादंबऱ्यांचं भारी वेड. परवा रात्री जेवताना ती मला एका कादंबरीची गोष्ट सांगत होती. त्या गोष्टीत रक्ताची जादू करणारे लोक आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्तातून ते ताकद मिळवतात. पण त्याची किंमत म्हणून त्यांना एक आजार जडतो. आधी हात थरथरतात, मग तोल जातो, मग जीभ जड होते, आणि माणूस वर्षा-दोन वर्षांत झिजून संपतो. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "अब्बा, असला रोग खरंच असतो का हो?"

मी साधा बी. ए. झालेला माणूस, तेही मराठी घेऊन. वैद्यकातलं मला काय कळणार? पण या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. कारण अशाच एका रोगाबद्दल मिळेल ते मी गेली वीस वर्षं वाचत आलो आहे. का वाचत आलो, ते पुढं येईलच. मी तिला म्हणालो, "असा रोग होता. अगदी तू सांगतेस तसाच. फक्त गोष्ट उलटी होती. तुझ्या कादंबरीत जादू करणारा झिजतो. तिथं आजारी पडत होत्या साध्या बाया आणि पोरं, आणि जादू केली म्हणून जीव जात होता भलत्याच माणसांचा."

त्या रोगाचं नाव कुरू. आपल्या महाभारतातल्या कुरूंशी त्याचा काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला न्यू गिनी नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात आज पापुआ न्यू गिनी हा देश आहे. १९७५ साली तो स्वतंत्र झाला. त्याआधी तिथं ऑस्ट्रेलियाचा कारभार होता. या देशाच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात फोरे नावाचे लोक राहतात. रताळ्यांची शेती करणारे, डुकरं पाळणारे, छोट्या छोट्या वस्त्या करून राहणारे. त्यांच्या भाषेत कुरू म्हणजे थरथर. थंडीनं काकडणं म्हणा किंवा भीतीनं कापणं म्हणा.

रोगाची सुरुवात अगदी साधी असायची. बाईला चालताना जरा अडखळल्यासारखं व्हायचं. ओढ्यावरच्या ओंडक्यावरून जी रोज बिनघोर जायची, तिला आता काठीचा आधार लागायचा. मग अंग थरथरू लागायचं. काही महिन्यांत उभं राहणं बंद, मग आधाराशिवाय बसणंही बंद. बोलणं अस्पष्ट होत जायचं, शेवटी गिळताही यायचं नाही. ताप नाही, गळू नाही, अंगावर कसली खूण नाही. काही रुग्णांना मधेच कारण नसताना हसू फुटायचं. त्यावरून तिकडच्या वर्तमानपत्रांनी त्याला 'हसरा मृत्यू' असं नाव देऊन टाकलं. वर्तमानपत्रांना मथळे लागतात. त्या आजारात हसण्यासारखं काही नव्हतं. कारण शरीर सगळं हातचं गेलं तरी बहुतेकांना शेवटच्या टप्प्यापर्यंत आपलं काय चाललंय ते कळत असे. पहिलं अडखळणं ते मरण, साधारण एक वर्ष. बरा झालेला एकही नाही.

१९५७ साली जिल्ह्याचे वैद्यकीय अधिकारी व्हिन्सेंट झिगास आणि अमेरिकेतून आलेले कार्लटन गायडुशेक यांनी या रोगाची शास्त्रीय नोंद सुरू केली. तेव्हा वर्षाला दोनशेच्या वर माणसं मरत होती. मुलूख केवढा, तर आपला एखादा तालुका. एकूण नोंद झालेल्या रुग्णांचा आकडा पुढं अडीच हजारांच्या वर गेला. आणि यातली चमत्कारिक गोष्ट अशी, की मरणाऱ्यांत मोठे पुरुष फारच थोडे. बाया मरत, आणि मुलगे-मुली दोन्ही मरत. काही वस्त्यांत तर एका बाईमागं दोन-तीन पुरुष अशी गत झाली. लग्नाला मुली नाहीत, तान्ह्या लेकरांना आया नाहीत. जे काम बायांचं म्हणून पुरुष कधी हात लावत नसत, ते रताळ्याच्या मळ्यातलं काम आणि पोरांचं हगणं-मुतणं रंडके बाप करू लागले.

आता आपण त्यांच्या जागी आहोत असं समजा. डोळ्यांदेखत घरातली धडधाकट बाई झिजत चालली आहे. अंगावर जखम नाही, ताप नाही. शेजारच्या घरातला धनी ठणठणीत आहे. मनात पहिला विचार काय येईल? तोच त्यांच्या मनात आला. कुणीतरी करणी केली.

फोरे लोकांना या करणीची रीतही तपशीलवार ठाऊक होती. करणी करणारा आधी त्या माणसाच्या अंगाशी संबंध आलेली एखादी वस्तू चोरतो. केस, नखं, उष्टं, अंगावरच्या कपड्याचा तुकडा, नाहीतर विष्ठासुद्धा. पानं, साल आणि दगड यांच्याबरोबर तिची पुरचुंडी बांधतो, तिला काठीनं बडवतो, त्या माणसाचं नाव घेऊन हाडं मोडोत म्हणतो, आणि मग ती चिखलात पुरून टाकतो. पुरचुंडी चिखलात जसजशी कुजेल तसतसा माणूस झिजेल. म्हणून फोरे माणूस आपलं उष्टं, केस, नखं कुणाच्या हाती लागू नयेत अशी जपून लपवी.

हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं होतं. मला माझी दादी आठवली. आमच्या घरात बायकांनी वेणी घातली की फणीतलं गुंतवळ बोटाला गुंडाळून, त्यावर थू थू करून भिंतीच्या भेगेत खुपसायचं, असा तिचा शिरस्ता होता. "बालां किदर बी नक्को फेको," ती ओरडायची. तुमच्यापैकीही अनेकांच्या आज्या असंच ओरडल्या असतील. त्यात हिंदू-मुसलमान असा काही फरक नसतो.

करणी झाली म्हटल्यावर ती केली कुणी, हे शोधणं आलं. त्याचीही फोरे लोकांची पद्धत होती. रुग्णाचे थोडे केस बांबूच्या एका नळीत भरायचे. दुसऱ्या नळीत नुकताच मारलेला पॉसम, म्हणजे झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला एक लहान प्राणी. संशय असेल त्या माणसाचं नाव घेऊन एक नळी दुसरीवर आपटायची आणि पॉसमची नळी विस्तवात ठेवायची. त्याचं काळीज कच्चं राहिलं, तर नाव घेतलेला माणूस गुन्हेगार. मग त्याच्याकडं जाऊन धमकावायचं, विनवायचं, पुरचुंडी उकरून काढ म्हणायचं. रुग्ण दगावलाच, तर सूड. या सूडहत्येला तुकाबू असं नाव होतं. माणसाला गाठून दगड-दांडक्यांनी ठेचून मारत. म्हणजे कुरूनं एक बाई जायची आणि कुरूच्या नावानं आणखी एक पुरुष.

सरकारी कारभार आल्यावर या हत्यांना बंदी झाली. पण संशयाला बंदी कशी घालणार? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फोरे लोकांनी ठिकठिकाणी मोठ्या सभा भरवल्या. करणी करणाऱ्यांनी पुढं यावं, कबूल करावं आणि थांबावं, बायाच उरल्या नाहीत तर आपला वंश कसा चालणार, अशी कळकळीची भाषणं त्यांत झाली. काहींनी उभं राहून कबुली दिलीही. त्या कबुल्यांचा मी बराच विचार केला आहे. न केलेली करणी माणूस कबूल का करतो? भीतीपोटी करत असेल. किंवा मनात कधी कुणाचं वाईट चिंतलेलं असतं, तेच आठवत असेल.

इकडं बाहेरून आलेले शहाणे लोकही काही कमी चाचपडले नाहीत. एका मानववंशशास्त्रज्ञाला वाटलं की करणीच्या भीतीनंच हा आजार होत असावा, मनाचा खेळ. गायडुशेक यांनी अन्न तपासलं, पाणी तपासलं, चुलीची राख आणि धूर तपासला, जंतू शोधले. काही मिळालं नाही. मेंदू तपासला तेव्हा दिसलं की अंगाचा तोल सांभाळणारा मागचा लहान मेंदू खराब झालेला आहे, ऊतकात स्पंजासारखी बारीक भोकं पडलेली आहेत. पण सूज नाही. जंतूशी झुंज झाल्याची कसलीही निशाणी नाही. मग अनुवंशिकतेचा सिद्धांत आला, कारण रोग घराण्याघराण्यांतून दिसत होता. फोरे लोकांनी हा वंशदोष बाहेर पसरवू नये म्हणून त्यांना मजुरीसाठी मुलखाबाहेर जाऊ देऊ नये, इथपर्यंत कारभाऱ्यांची मजल गेली. पण यात एक साधी अडचण होती. ज्या दोषानं इतक्या पोरी लेकरं होण्याआधीच मरतात, तो दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकेल कसा?

कोडं सुटायला लागलं ते दवाखान्यात नव्हे, ओसरीवर बसून. शर्ली आणि रॉबर्ट ग्लास हे मानववंशशास्त्रज्ञ जोडपं १९६१ साली तिथं गेलं. शर्लीबाई पुढं शर्ली लिंडेनबॉम या नावानं प्रसिद्ध झाल्या. या दोघांनी फार काही केलं नाही. म्हाताऱ्या माणसांशी बोलत बसले. कोण कुणाचं कोण, कोण कधी मेलं, पहिला कुरू कुणाला झाला. घराण्यांचे वंशवृक्ष कागदावर मांडत गेले. त्यातून दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, हा रोग पिढीजात नव्हता. आपल्या भागात कुरू पहिल्यांदा कधी आला हे म्हाताऱ्यांना आठवत होतं. शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतली ती गोष्ट होती. दुसरं, बाहेरून लग्न करून आलेल्या, रक्ताचं नातं नसलेल्या बायांनाही तो होत होता. म्हणजे तो रक्तातून येत नव्हता. मग काय वाटून घेतलं जात होतं?

इथं मला जरा जपून बोललं पाहिजे, कारण यापुढचा भाग ऐकला की लोकांच्या चेहऱ्यावर किळस येते आणि मग ते पुढचं ऐकत नाहीत. फोरे लोक आपल्या मेलेल्या माणसांचं मांस खात. शत्रूचं नव्हे, भुकेपोटी मारूनही नव्हे. आपल्याच घरातल्या, आपल्याच मरणानं गेलेल्या माणसाचं. मातीत किड्यांनी खाण्यापेक्षा आपल्या जिवलगांनी आपल्याला पोटात घेतलं तर बरं, आत्मा नीट पूर्वजांच्या देशी पोहोचतो, अशी त्यांची श्रद्धा होती. हे काम बायांचं. मोठे पुरुष बहुधा यात नसत. असल्या मांसानं लढवय्याची ताकद जाते असं त्यांना वाटे. मेंदू तर बायांच्याच वाट्याला. रानातल्या नेच्यांच्या पाल्याबरोबर बांबूच्या नळीत शिजवलेला. आणि आयांच्या हातून लेकरांच्या तोंडात. मुलगे सहा-सात वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहत, मग पुरुषांच्या घरात जात. म्हणून मुलगे-मुली दोघंही मरत आणि बाप वाचत. सगळा हिशेब जुळला.

ही दफनाची रीत म्हणा, शोकाची रीत म्हणा. मी मुसलमान माणूस, आमच्यात मय्यताला गुस्ल देऊन, कफन घालून मातीच्या हवाली करतात. मला ती रीत समजायला जड गेली हे कबूल करतो. पण ती दुष्टपणाची नव्हती. मुलीच्या कादंबरीतली रक्ताची जादू आणि ही रीत, यांत हाच मोठा फरक आहे. तिथं ताकदीच्या हव्यासापायी माणूस रक्ताला हात लावतो. इथं मेलेल्या आईला सोडवत नव्हतं म्हणून.

पुरावा मात्र अजून हवा होता. त्याचा धागा आला भलतीकडून, मेंढ्यांकडून. विल्यम हॅडलो या अमेरिकन पशुवैद्यानं लंडनमधल्या एका प्रदर्शनात कुरूच्या मेंदूची छायाचित्रं पाहिली आणि तो चकित झाला. मेंढ्यांना स्क्रेपी नावाचा एक जुना रोग होतो. त्यातला मेंदू हुबेहूब असाच दिसतो, आणि तो रोग एका मेंढीतून दुसरीत टोचता येतो, पण लागण दिसायला फार काळ जावा लागतो. १९५९ साली त्यानं 'लॅन्सेट'ला पत्र लिहून हे कळवलं. मग गायडुशेक आणि क्लॅरेन्स गिब्ज यांनी अमेरिकेत चिंपांझींना कुरूनं मेलेल्यांच्या मेंदूचा अंश टोचला, आणि वाट पाहिली. मायकेल आल्पर्स हा तरुण ऑस्ट्रेलियन डॉक्टर फोरे लोकांत जाऊन राहिला होता. त्यानं त्यासाठीचे नमुने मिळवले होते. आपल्या मेलेल्या मुलीचा मेंदू परक्याच्या हाती देणारे ते आईबाप, त्यांना शास्त्राचा काय उपयोग सांगितला असेल आणि त्यांनी काय समजून होकार दिला असेल, कुणास ठाऊक. सुमारे दोन वर्षांनी चिंपांझी थरथरू लागले. १९६६ साली निष्कर्ष छापून आला. कुरू हा लागणीचा रोग होता.

१९७६ साली गायडुशेक यांना नोबेल मिळालं. याच माणसाला पुढं १९९७ साली अमेरिकेत मुलाच्या लैंगिक शोषणाच्या गुन्ह्याबद्दल तुरुंगात जावं लागलं. मोठ्या शोधाच्या गोष्टीत हे सांगायचं टाळतात. मी टाळत नाही.

पण लागण कशाची? त्या अंशात विषाणू सापडेना. उकळा, वाळवा, औषधात बुडवा, त्याची मारक शक्ती जाईना. १९८२ साली स्टॅन्ली प्रुसिनर यांनी म्हटलं की हा जीवच नाही, हे नुसतं प्रथिन आहे, आणि त्याला प्रिऑन असं नाव दिलं. पुष्कळांनी त्यांची टर उडवली. १९९७ साली त्यांनाही नोबेल मिळालं. प्रकार असा आहे: आपल्या मेंदूत एक प्रथिन नेहमीच असतं, त्याची एक ठरलेली घडी असते. ती घडी चुकलेलं प्रथिन शेजारच्या नीट घडीच्या प्रथिनाला आपल्यासारखंच चुकीचं दुमडायला लावतं. ते पुढच्याला. मला आधी विरजणाची उपमा सुचली होती, पण विरजण जिवंत असतं, हे नाही. त्यापेक्षा खडीसाखर बरी. पाकात एक खडा बांधून दोरा सोडला की सगळा पाक त्या खड्याच्या आकारानं जमत जातो, तसं. फक्त इथं पाक म्हणजे आपला मेंदू, आणि हे जमत जायला वर्षानुवर्षं लागतात.

किती वर्षं? १९५०च्या दशकात कारभाऱ्यांच्या बंदीनं आणि मिशनऱ्यांच्या दबावानं ती रीत बंद झाली. त्यानंतर जन्मलेल्या एकाही मुलाला कुरू झाला नाही. पण लहानपणी आईच्या हातचा घास खाल्लेले काही जण चाळीस, पन्नास वर्षांनंतर अडखळू लागले. जॉन कॉलिंज, आल्पर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ ते २००४ या काळातले असे अकरा रुग्ण शोधून नोंदवले. शेवटचे रुग्ण गेले ते एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. आज कुरू संपला आहे. आणखी एक गोष्ट २००९ साली कळली. जिथं कुरूचा जोर सर्वांत जास्त होता, तिथल्या काही माणसांत त्या प्रथिनाच्या जनुकात एक बारीकसा बदल आढळला. उंदरांवरच्या प्रयोगांत पुढं दिसलं, की हा बदल असेल तर कुरूचं प्रिऑन शिरकाव करू शकत नाही.

कुणाला वाटेल, ही रानातल्या लोकांची गोष्ट, आपल्याला काय तिचं! तर इंग्लंडमध्ये गाईंना गाईंच्याच हाडामांसाची भुकटी पेंडीत मिसळून चारत होते. १९८६ साली तिथं गाई अडखळून पडू लागल्या. १९९६ साली सरकारनं मान्य केलं की ते मांस खाल्लेल्या माणसांनाही तसाच रोग होतो आहे. पावणेदोनशेहून अधिक ब्रिटिश माणसं त्यानं गेली, त्यांत तरुण पुष्कळ. डोंगरातल्या बायांनी हे मायेपोटी केलं होतं. इथं ते पेंड स्वस्त पडावी म्हणून झालं.

आता माझी गोष्ट. ती मी आजवर घराबाहेर सांगितली नव्हती.

सोलापूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. १९८० साल, मी दहा वर्षांचा. माझी फुफी आमच्याच मोहल्ल्यात राहायची. चाळिशीही गाठलेली नव्हती. आधी तिच्या हातून चहा सांडू लागला. मग भाकरी थापताना हात भलतीकडं जाऊ लागला. मग ती चालताना झुलू लागली आणि गल्लीतली पोरं हसू लागली. मीही एकदा हसलो होतो. गोळ्या झाल्या, तावीज झाले, दर्ग्यावर चादर झाली. शेवटी दादी म्हणाली, "किसीने तो बी करणी करी." दुसऱ्या गावचा एक आमिल बोलावला. त्यानं विचारलं, हिच्या अंगावरचं काही कुणाच्या हाती लागलं होतं का?

आणि मी बोललो.

गल्लीत एक विधवा राहायची, गोधड्या शिवून पोट भरायची. आम्ही तिला सुईवाली खाला म्हणायचो. फुफीच्या भिंतीतून गुंतवळ काढून पदराला बांधताना मी तिला पाहिलं होतं. खोटं काही सांगितलं नाही. जे पाहिलं ते सांगितलं. त्या काळी केसांवर सुया, पिना देणाऱ्या बाया गावोगाव फिरायच्या. खाला चार घरचं गुंतवळ गोळा करून त्यांच्याकडून सुया घ्यायची. हे गल्लीतल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं. त्या दिवशी कुणाला आठवलं नाही. की आठवलं आणि कुणी बोललं नाही? माझे अब्बा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. तेही बोलले नाहीत.

तिला मारहाण झाली नाही. तिची चूल फोडली, तिच्या दारात लिंबं फेकली, नळावर तिची घागर कुणी लावू देईना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एस.टी.नं ती भावाच्या गावाला निघून गेली. डोक्यावर ट्रंक आणि गोधड्यांचं बोचकं. फुफी त्यानंतर चार वर्षं झिजत राहिली आणि १९८४ साली गेली.

२००३ साली फुफीच्या मुलाच्या हातून चहा सांडू लागला. आता मी शिकलेला, नोकरीतला होतो. त्याला घेऊन शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि विचारायला सुरुवात केली. आई कशी गेली? आईचे वडील कसे चालायचे? मला एकदम दादा आठवले. आयुष्यात थेंब न प्यालेला माणूस, पण लोक त्यांच्या चालीवरून त्यांना दारुड्या म्हणायचे. डॉक्टरांनी चौकोन आणि गोल काढले, रेघांनी जोडले, त्यांतले तीन काळे केले. लहान मेंदू झिजण्याचा हा आजार तुमच्या घराण्यातला आहे, म्हणाले. अब्बांना तो उतरला नव्हता, म्हणून मला भीतीचं कारण नाही असंही म्हणाले. फोरे लोकांच्या बाबतीत अनुवंशिकतेचं उत्तर चुकीचं होतं, आमच्या बाबतीत तेच बरोबर होतं. दोन्हीकडं करणी करणाऱ्याची सुटका झाली ती मात्र अशाच कागदावर. कुरूबद्दल वाचायला लागलो ते त्यानंतर.

पापुआ न्यू गिनीत १९७१ पासून जादूटोण्याचं अस्तित्व मानणारा कायदा होता. २०१३च्या फेब्रुवारीत माउंट हॅगन शहरात चेटकीण म्हणून एका तरुण आईला भर रस्त्यात जाळलं, आणि त्यानंतर मे महिन्यात तो कायदा रद्द झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, मग काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळात कायदा झाला. करणी-भानामतीच्या नावानं कुणाला छळणं हा आता आपल्याकडं गुन्हा आहे. १९८० साली तो असता, तरी आमच्या गल्लीतून पोलिसात कोण गेलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो. दहा वर्षांचा मी तर नक्कीच नाही.

मुलीनं हे सगळं ऐकून घेतलं. ताटातलं गार झालं होतं. मग म्हणाली, "त्या खालाचं पुढं काय झालं?"

डॉक्टरांकडून आल्यावर पुढच्याच वर्षी मी तिच्या भावाच्या गावी गेलो होतो. खाला बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती. भाऊही नव्हता. भाच्यानं बाज टाकली, चहा केला. मी कोण, कशासाठी आलो, सगळं सांगितलं. गुंतवळाचं सांगितलं, कागदावरच्या काळ्या केलेल्या गोलांचं सांगितलं. तो माझ्याच वयाचा असेल. बराच वेळ गप्प बसला.

मग म्हणाला, "फुफीने कब्बी बोलीच नै. हमना लगा, शहर में काम नै मिलता करके आयी."

त्यानं आत जाऊन एक गोधडी आणली आणि बाजेवर अंथरली. म्हणाला, बसा नीट, दुसरी एस.टी. साडेचारला आहे.